एका पांढऱ्या कडेचा इतिहास

सरकारी वसाहतीतील बाग ही मोठी चमत्कारिक चीज असते. ती आपली असते आणि नसतेही. तीत आंबा लावावा, तर त्याचा मोहर पाहण्याचे भाग्य आपल्यामागून त्या घरात येणाऱ्याचे. पारिजातक लावावा, तर सडा दुसऱ्याच्या अंगणात. म्हणून बदलीच्या नोकरीतील माणसे बहुधा हंगामी फुलांच्या नादी लागतात. दसरा उलटला की पेरावे, होळीच्या सुमारास फुले पाहावीत, एप्रिलात बी गोळा करून पाकिटात भरावे. मग बदलीचा हुकूम आला तरी बाग खिशात घालून नेता येते. आम्हीही दिल्लीस आल्यावर याच वाटेने पॉपीच्या नादी लागलो.

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासावर काही लिहा’ असे सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात पानिपत असावे असा आम्हांस संशय आहे. पानिपत येथून जेमतेम नव्वद किलोमीटरांवर, आणि दिल्लीतल्या मराठी माणसाने इतिहासावर लिहावयाचे म्हणजे तेच, असा एक समज रूढ आहे. परंतु त्या विषयाचे अधिकारी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. आम्ही बी. ए. ला इतिहास घेतला होता एवढ्या भांडवलावर त्यांच्या पंक्तीस बसू इच्छीत नाही. दारच्या वाफ्यातील एका फुलाचा इतिहास मात्र आम्ही गेली काही वर्षे आवडीने वाचीत आलो आहोत. तोच येथे सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉपी म्हटले की आपल्या लोकांस अफू आठवते, आणि ते अगदीच चुकीचे नाही. अफूचे झाड आणि बागेतली शोभेची पॉपी ही एकाच कुळातली, किंबहुना एकाच गोत्रातली भावंडे. अफूच्या झाडाचे शास्त्रीय नाव पापावेर सोम्निफेरम, म्हणजे झोप आणणारे. याच झाडाच्या बोंडातील बी म्हणजे आपली खसखस. दिवाळीत अनारसा ज्या खसखशीवर थापला जातो, ती या झाडाची. बियांत अफूचा अंश नगण्य असतो, म्हणून ती बिनदिक्कत वाण्याकडे मिळते. पण तीच खसखस मातीत टाकावयाची नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यावाचून या जातीची लागवड करणे हा गुन्हा ठरविला आहे, मग ती शेतात असो की कुंडीत, अफूसाठी असो की केवळ शोभेसाठी. विलायती बियांच्या पुस्तकांत या जातीची गेंदेदार, झालरीच्या पाकळ्यांची जी मोहक चित्रे दिसतात, ती आपण चित्रांतच पाहावीत.

हे आम्ही थोड्या ठसक्यात सांगतो त्यास कारण आहे. एका दिवाळीनंतर डब्यात उरलेली जुनी खसखस आमच्या घरातून, कोणास न विचारता, तुळशीवृंदावनामागच्या कुंडीत पडली. ‘पॉपीच ना ती, मग तुमच्या वाफ्यातली आणि ही काय वेगळी?’ असा त्यामागे सरळ हिशेब होता. महिन्याभरात निळसर हिरवी, मेणचट पानांची, देठाला मिठी मारून बसलेली रोपे वर आली. आमच्या वाफ्यातील पॉपीची पाने कातरलेली आणि केसाळ असतात, तेव्हा ओळख पटण्यास अडचण पडली नाही. केंद्र सरकारच्या सेवेतील माणसाच्या अंगणात अफू, ही बातमी किती वेगाने पसरली असती याची कल्पना करीत आम्ही ती रोपे त्याच संध्याकाळी उपटली. अनारसे त्यानंतरही होतात. उरलेली खसखस आता वाटणात जाते.

अफूच्या इतिहासाशी मराठी माणसाचा संबंध आहेच. माळव्यातील शिंदे व होळकर यांच्या मुलखांत पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि मुंबईतील अनेक मोठ्या इमारतींच्या पायांत या व्यापाराचा पैसा आहे. आजही परवान्याची लागवड माळव्याच्या पट्ट्यात, राजस्थानच्या काही भागांत व उत्तर प्रदेशात होते आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरीस आहे. पण तो व्यापाराचा आणि राजकारणाचा इतिहास झाला. आम्हांस सांगावयाचे ते तिच्या निरुपद्रवी बहिणीविषयी.

ही बहीण म्हणजे गव्हाच्या शेतातली तांबडी पॉपी, पापावेर ऱ्हीअस. भूमध्य समुद्राच्या काठची आणि पश्चिम आशियाची ही मूळची रहिवासी. गव्हाबरोबर तिने युरोपभर प्रवास केला. पेरणाऱ्याने पेरला गहू, उगवली तीही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती निव्वळ तण. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७३ साली पॉपींनी लालभडक झालेल्या कुरणाचे चित्र काढले, ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि लोक त्यापुढे तासन् तास उभे राहतात. त्या जमिनीच्या मालकाने मात्र ते दृश्य पाहून कपाळाला हात लावला असेल.

तिच्या टिकून राहण्याचे गमक तिच्या बोंडात आहे. एका बोंडात हजारावर बिया असतात आणि त्या इतक्या बारीक की एका ग्रॅममध्ये सात ते दहा हजार मावाव्यात. बोंडाच्या माथ्यावर एक चपटी टोपी असते, तिच्याखाली गोलाकार बारीक झरोके. बोंड वाळले आणि वाऱ्याने देठ डोलू लागला की त्या झरोक्यांतून बी मिरपुडीसारखे चहूकडे शिंपडले जाते. जमिनीत खोल गेलेले बी कुजत नाही, झोपी जाते. नांगराने वा कुदळीने माती उलटली आणि त्यावर उजेड पडला की वर्षांनुवर्षे निजलेले बी जागे होते. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात विनिफ्रेड ब्रेंचली आणि कॅथरीन वॉरिंग्टन या दोन विदुषींनी १९२० नंतरच्या दशकात गव्हाच्या जुन्या शेताची माती उकरून तीत निजलेल्या तणांच्या बियांची मोजदाद केली. तीत पॉपीचे बी अपरंपार निघाले. शेत पडीक ठेवून, पुनःपुन्हा नांगरूनही ते हटेना.

माती उलटली की पॉपी उगवते, हा शेतकऱ्याचा अनुभव पहिल्या महायुद्धात साऱ्या जगाने घेतला. फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समधील जमीन तोफांनी इतकी खणून काढली की कोणत्याही नांगराने तितकी उलटली नसती. १९१५ च्या उन्हाळ्यात त्या उजाड मातीत, खंदकांच्या काठांवर आणि ताज्या कबरींवर तांबडी पॉपी उगवली. जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने त्याच वर्षी मे महिन्यात, मित्राच्या मृत्यूनंतर, या फुलांवर एक कविता लिहिली. डिसेंबरात ती लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली आणि सैनिकांच्या तोंडी झाली. मॅक्रे स्वतः १९१८ च्या जानेवारीत वारला, युद्ध संपलेले त्याने पाहिले नाही. अमेरिकेतील मोइना मायकेल व फ्रान्समधील आना गेराँ या दोघींच्या खटपटीने पॉपी हे स्मृतिचिन्ह झाले आणि ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर १९२१ रोजी पहिला पॉपी दिन पाळण्यात आला.

ही गोष्ट परक्यांची म्हणून वाचणे आम्हांस जमत नाही. फ्रान्समधील नव शापेल नावाच्या खेड्यात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या दोन कंपन्या होत्या. पूल बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांस पायदळाची वाण पडली म्हणून संगिनी देऊन पुढे धाडले. घराघरांतून झुंज झाली. गाव हाती आले आणि मदत न पोहोचल्यामुळे सोडावेही लागले. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सारे इंग्रज अधिकारी त्या दिवशी पडले वा जखमी झाले आणि जवानांची हानीही जबर होती. खडकीच्या सॅपर्समध्ये आपल्याकडचे मराठे पूर्वापार आहेत, हे पुण्याच्या वाचकांस सांगावयास नको. पुढे १९१५ च्या मार्चमध्ये याच गावासाठी मोठी लढाई झाली. तेथे उभारलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकाचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. ज्यांची कबर कोठे आहे हे ठाऊक नाही अशा साडेचार हजारांहून अधिक हिंदी जवानांची नावे त्यावर कोरलेली आहेत. स्मारकाचा आराखडा सर हर्बर्ट बेकर यांचा, म्हणजे ज्यांनी आपल्या दिल्लीतील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक बांधले तेच. त्या इमारतींच्या लाल दगडी जिन्यांवरून ये-जा करीत असताना आम्हांस हा संबंध कित्येक वर्षे ठाऊकच नव्हता.

आता मूळ कथेकडे वळू. ती या युद्धापूर्वीची, आणि पूर्णपणे शांततेची आहे.

लंडनच्या दक्षिणेस, क्रॉयडनजवळ शर्ली नावाचे खेडे होते. आज ते महानगराच्या पोटात गेले आहे. तेथील चर्चमध्ये १८७९ साली विल्यम विल्क्स नावाचे पाद्री रुजू झाले. जन्म १८४३ चा, म्हणजे वय छत्तीस. त्यांच्या घरामागील बागेचा एक कोपरा शेताला लागून होता, तेथे कोणी फिरकत नसे, आणि शेतातील तांबड्या पॉपी कुंपण ओलांडून तेथे वस्ती करून होत्या. १८८० साली त्या गर्दीत विल्क्स यांना एक फूल असे दिसले की ज्याच्या तांबड्या पाकळ्यांना अगदी बारीक पांढरी कड होती. रुमालाला दोरा घालावा इतकी बारीक. असे फूल यापूर्वी कोणास दिसलेच नसेल असे नाही. पण विल्क्स यांनी त्या एका फुलावर खूण केली, ते सुकू दिले, आणि त्याच्या एका बोंडातील बी वेगळे ठेवले.

दुसऱ्या वर्षी त्या बियांची सुमारे दोनशे झाडे झाली. त्यांतील पांढऱ्या कडेची निघाली चार किंवा पाच. एवढ्यावर दुसरा कोणी असता तर कंटाळून गेला असता. विल्क्स यांनी त्या चार-पाचांतील उत्तम निवडून पुन्हा बी धरले. असे वर्षामागून वर्ष चालले. कड रुंदावत गेली, तांबडा रंग फिकट होत गेला, मग गुलाबी आला आणि अखेरीस एक झाड शुभ्र पांढऱ्या फुलांचे निघाले. तेथेही ते थांबले नाहीत. रानपॉपीच्या पोटात काळा डाग असतो आणि तिचे केसर व परागही काळपट असतात. हा काळा रंग समूळ घालवून त्या जागी पिवळा वा पांढरा आणावयाचा, असे त्यांनी मनाशी ठरविले आणि तेही साधले. खरी शर्ली पॉपी कोणती, तर जिच्या पाकळ्या एकेरी, पाकळ्यांचा बुंधा पांढरा, केसर पिवळे किंवा पांढरे, आणि जिच्यात काळ्याचा कणही नाही ती. ही व्याख्या स्वतः विल्क्स यांनी घालून दिली आहे.

या कामाची खरी अडचण काय होती ती समजून घेतल्यावाचून या माणसाच्या चिकाटीची किंमत कळत नाही. पॉपीचे फूल स्वतःच्या परागाने बी धरीत नाही. त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणून देतात मधमाश्या. म्हणजे ज्या एका बोंडापासून आरंभ झाला, त्यातील प्रत्येक बियाचा पितृवंश अज्ञात, बहुधा कुंपणापलीकडल्या तांबड्या पॉपीचा होता. दोनशेंत चारच का निघाली याचा उलगडा यातच आहे. मटारीचे तसे नसते. मटारीचे फूल मिटल्या मिटल्याच स्वतःशी लग्न लावून मोकळे होते, म्हणून ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल यांना आनुवंशिकतेचे नियम मटारीवर शोधता आले. पॉपीवर ते बसले असते तर हिशेब जुळविताना त्यांची दमछाक झाली असती. विल्क्स यांस एकच उपाय होता. वाफ्यात नको ते फूल उमलले की मधमाशी त्यावर बसण्यापूर्वी ते झाड उपटावयाचे. फुलांच्या दिवसांत ते भल्या पहाटे, उजाडते न उजाडते तोच, बागेत उतरत आणि काळ्या डागाची झाडे काढून टाकीत, असे सांगतात. एक-दोन वर्षे नव्हे, पुष्कळ वर्षे.

मेंडेल यांचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि चौतीस वर्षे धूळ खात पडला. विल्क्स पांढरी कड रुंदावीत होते तेव्हा ते कोणत्या नियमाने घडते आहे हे सांगणारा कागद अस्तित्वात होता, पण तो त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पुढे १८८८ साली विल्क्स रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस झाले आणि १९२० पर्यंत त्या पदावर राहिले. १९०० साली मेंडेल यांचा निबंध पुन्हा उजेडात आला, आणि त्याचे पहिले इंग्रजी भाषांतर १९०१ साली छापले ते याच सोसायटीच्या नियतकालिकाने. १९०६ साली सोसायटीने लंडनला जी संकरविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली, तीत विल्यम बेटसन यांनी या नव्या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव सुचविले. त्या परिषदेच्या अहवालावर संपादक म्हणून नाव आहे रेव्हरंड विल्क्स यांचे. वीस-पंचवीस वर्षे हातांनी जे केले त्याचे व्याकरण वयाच्या साठीत स्वतःच्या हाताखालून छापून जाताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. मुद्रिते तपासण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांस ठाऊक असेल की त्या गर्दीत असे काही वाटावयास सवड नसते.

विल्क्स यांच्या स्वभावाची आणखी एक गोष्ट. त्यांनी या पॉपीवर मालकी सांगितली नाही. बी जो मागेल त्याला दिले. बियांच्या व्यापाऱ्यांनी ते जगभर नेले आणि आपापल्या पाकिटांवर छापले. त्यांना एवढेच कौतुक वाटे की, देशोदेशींच्या बागांत फुलणाऱ्या या साऱ्या पॉपी शर्लीच्या बागेतील एकाच बोंडाच्या लेकी आहेत. ते १९२३ साली वारले. सोसायटीच्या विझ्ली येथील उद्यानाच्या त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या लोखंडी दारांवर पॉपीची फुले घडविलेली आहेत.

त्यांच्यानंतर हा खेळ पुढे नेला तो एका चित्रकाराने. सेड्रिक मॉरिस यांनी सफोकमधील बेंटन एंड या आपल्या घरी १९४० नंतर शर्ली पॉपीतून राखी, धुरकट, फिकट जांभळे असे रंग निवडून काढले. विल्क्स यांना जे रंग मळके वाटले असते तेच यांनी जपले. निवडणाऱ्याच्या डोळ्यांत काय आहे त्यावर फुलाचा वंश कसा वळतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. आमचा कौल मात्र पाद्रीबाबांच्या बाजूने.

जाता जाता कॅलिफोर्निया पॉपीविषयी दोन शब्द. ती खरी पॉपी नव्हे, त्याच कुळातील दुसऱ्या घराण्याची. १८१६ साली रुरिक नावाच्या रशियन जहाजावरील शामिसो या कवी-शास्त्रज्ञाने ती सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर गोळा केली आणि जहाजावरील डॉक्टर मित्र एश्शोल्त्स यांचे नाव तिला दिले. त्या नावाचे स्पेलिंग जगातील कोणत्याही माळ्याला आजवर साधलेले नाही, आणि मूळ नामकरणातच एक अक्षर गळाले आहे. आइसलँड पॉपी आइसलँडची नाही, सैबेरियाकडील थंड मुलखाची. दिल्लीच्या थंडीत दोन्ही सुरेख येतात.

आपल्या देशात ही विलायती हंगामी फुले रुजली तीही बऱ्याच अंशी पाद्र्यांच्या हातून. श्रीरामपूरचे विल्यम केरी, ज्यांनी मराठीचे व्याकरण व कोश छापले तेच, यांनी १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यान संस्था स्थापन केली. बंगालातील दुसरे एक पाद्री फर्मिंजर यांनी १८६० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातील बागाईवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या आवृत्त्या पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिल्या. इंग्लंडातील वेळापत्रक येथे उलटे करावे लागते, तेथील वसंतातली पेरणी येथे पावसाळा सरल्यावर, हे साहेबांच्या माळ्यांना आधीच कळले होते. पुस्तकाने ते साहेबांना सांगितले. बियांसाठी पुण्यात पेस्तनजी पोचा यांची पेढी १८८४ पासून, आणि विलायतेतील सटन यांची शाखा कलकत्त्यास १९१२ पासून. दिल्लीत १९२८-२९ च्या सुमारास ल्यूटेन्स यांच्या आराखड्यावरून व्हाइसरॉयच्या प्रासादामागील बाग मस्टो या उद्यानाधिकाऱ्याने लावली. ती पुढे मुघल उद्यान म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०२३ च्या जानेवारीपासून तिचे नाव अमृत उद्यान आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सर्वांस खुली असते. मंडळाची सहल तेथे गेली म्हणजे वाचकांनी ट्यूलिपच्या गर्दीत न अडकता हंगामी फुलांच्या वाफ्यांकडे वळावे. पॉपी तेथे भेटेल.

आता आमच्या वाफ्याविषयी, कारण विल्क्स यांचा इतिहास आम्हांस पुस्तकातून नव्हे, त्या वाफ्यातून कळला. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बंगाली अधिकारी राहत. निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी आमच्या हाती एक खाकी पाकीट दिले. त्यात त्यांनी बारा वर्षे जपलेल्या शर्ली पॉपीचे बी होते. ‘लाल दिसेल ते काढून टाकत जा,’ एवढेच त्यांनी सांगितले. पहिल्या वर्षी फुले अशी आली की सकाळी फिरावयास जाणारे लोक फाटकाशी थांबत. पांढरी, शेवाळी गुलाबी, केशरी झाक असलेली, पातळ रेशमासारखी. त्यांत पाच-सहा तांबडी, पोटात काळा डाग असलेलीही होती. ती इतकी तेजस्वी होती की उपटण्यास हात होईना. घरातूनही ‘राहू द्या, किती छान दिसतात’ असा आग्रह झाला. आम्ही राहू दिली. दुसऱ्या वर्षी तांबडी तीस झाली. तिसऱ्या वर्षी अर्धा वाफा. चौथ्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांच्या मेहनतीचे पाकीट हाती आल्यापासून अवघ्या चार हंगामांत, वाफाभर रानपॉपी डोलत होती.

त्याच सुमारास त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. चौकश्या झाल्या, आणि मग त्यांनी विचारले, ‘आमची पांढरी आहे ना अजून?’ त्यांच्या गावी दमट हवेत बी टिकले नव्हते. आम्ही ‘आहे’ म्हणून सांगितले आणि दूरध्वनी ठेवून बॅटरी घेऊन बागेत गेलो. शोधता शोधता वाफ्याच्या टोकाला दोन झाडे सापडली. एक पांढरे आणि एक फिकट गुलाबी, दोन्हीत काळा डाग नाही. दोन सापडली हे नशीब. एकच असते तर त्यावर बी धरले असते ते शेजारच्या तांबड्यांच्या परागानेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या दोहोंखेरीज सारा वाफा उपटला. सहा वाजता भरलेला लाल वाफा साडेसहाला रिकामा झाला. घरात त्या दिवशी आमच्याशी फारसे कोणी बोलले नाही.

पेरणीची रीत कोणास हवी असेल तर थोडक्यात अशी. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, उन्हाच्या जागी, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत पेरावे. शेणखत चांगले कुजलेले आणि बेताचेच. खत फार झाले की पाने माजतात. चिमूटभर बी मूठभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरावे आणि तळहाताने दाबावे. वर माती लोटू नये, बियाला उजेड हवा. पाणी बारीक झारीने घालावे, नाही तर सारे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. रोपे दोन बोटे झाली की निर्दयपणे विरळणी करावी, दोन रोपांत वीतभर अंतर राहिले पाहिजे. येथे सर्वांचा जीव कासावीस होतो आणि उपटलेली रोपे दुसरीकडे लावावीशी वाटतात. ती जगत नाहीत, सोटमूळ दुखावलेले पॉपीला सोसत नाही. मान खाली घातलेली केसाळ कळी उमलण्यापूर्वी आदल्या दिवशी मान वर करते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हिरवी टरफले गळून चुरगळलेल्या पाकळ्या उलगडतात. त्याच वेळी बागेत हजर असावे. काळा डाग दिसला की झाड मुळासकट काढावे, नुसते फूल तोडून भागत नाही. बोंडे पिवळसर तपकिरी होऊन हलविल्यास वाजू लागली की कागदी पाकिटात झटकून घ्यावीत. पाकीट कोरडे राहील असे पाहावे, प्लास्टिकची पिशवी नको.

त्या दोन झाडांच्या बियांपासून पुढल्या हंगामात एकसष्ट झाडे उभी राहिली. त्यांतील बावीस निर्मळ होती, उरलेली काढली. यामागील सारा हिशेब मेंडेल यांनी लावून दाखविला असता, आम्ही फक्त मोजली. त्यानंतरच्या वर्षी तांबडी एकोणीस निघाली, आणि गेल्या मार्चमध्ये सात. बंगाली गृहस्थांना दर एप्रिलात एक पाकीट टपालाने जाते. त्यांच्याकडे यंदा आठ झाडे लागली आणि एकावर बोंड धरल्याचे त्यांनी कळविले आहे.

आमच्याकडे सध्या बी आहे ते सुमारे दोन चमचे, म्हणजे साऱ्या मंडळाला पुरून उरेल इतके. कोजागिरीच्या कार्यक्रमात आम्ही पाकिटे घेऊन येऊ. प्रत्येकावर वर्ष लिहिलेले असेल, आणि मागच्या बाजूला ‘लाल दिसेल ते काढून टाकत जा’ एवढेच.